मिंट सेट सरकारी आहे की खाजगी पॅकिंग? नवीन लोकांनी कसं ओळखायचं

अमेरिकन नाण्यांचे सेट जमवायला सुरुवात करत असाल तर आधी दोन वर्षं पाठ करून ठेवा, १९८२ आणि १९८३. या दोन वर्षी यूएस मिंटने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने, नेहमीचा वार्षिक अनसर्क्युलेटेड (चलनात न गेलेल्या नाण्यांचा) मिंट सेट काढलाच नाही, आणि तरी ऑनलाइन शोधलं की "१९८२ मिंट सेट" हवे तेवढे दिसतात, चपटं पारदर्शक पाकीट, निळी-लाल पट्टी, वर गरुडाचं चित्र, सगळं कसं अगदी सरकारी. मी सुरुवातीला असाच एक घेतला आणि बरेच महिने बाकीच्या सेटच्या रांगेत लावून ठेवला होता. मग एकदा वर्षवार यादी करायला बसलो तेव्हा कळलं की या वर्षाचा सेटच निघालेला नाही. नाणी खरी होती, त्यात काही खोट नव्हती, पण पैसे मी सेटचे मोजले होते आणि हातात आली होती दहा सुटी नाणी आणि कोणीतरी छापलेलं एक पाकीट.

तेव्हापासून सेट हातात आला की मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. नाणं खरं आहे का हा एक, आणि पॅकिंग कोणी केलंय हा दुसरा. नवीन माणसाची गडबड इथेच होते, खाजगी पाकीट दिसलं की त्याला वाटतं आतली नाणी नकली, किंवा नाणी खरी दिसली की तो धरून चालतो की सेट पण सरकारीच असणार. खाजगी सेटमधली नाणी बहुतेक वेळा अस्सलच असतात. टांकसाळ सुट्या नाण्यांचे रोल आणि पिशव्या लोकांना विकते, त्या कोणीही घ्याव्यात, प्लास्टिकच्या डबीत घालाव्यात, वर छानसं कार्ड लावून विकाव्यात, यात बेकायदा काही नाही. कायदा आडवा येतो तो टांकसाळीचं किंवा ट्रेझरीचं (अर्थखात्याचं) नाव, चिन्ह असं वापरलं की घेणाऱ्याला हे सरकारनेच काढलंय असं वाटावं, तिथे. म्हणून हुशार पॅकिंगवाले त्या रेषेच्या अगदी जवळ जातात पण ओलांडत नाहीत, आणि ती रेषा ओळखायची जबाबदारी आपल्यावर येते.

आधी पाकीट बघू नका, वर्ष बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि यासाठी सेट हातात असायची पण गरज नाही. विचारायचं एवढंच, या वर्षी टांकसाळीने असा सेट काढला होता का? पॅकिंगची नक्कल करता येते, पण न निघालेला सेट निघाला होता असं कोणी करू शकत नाही.

अमेरिकेचे मिंट सेट १९४७ पासून सुरू झाले, त्यात १९५० ला नव्हता, आणि १९८२-८३ चं वर सांगितलंच. १९६५, ६६ आणि ६७ या तीन वर्षी नाण्यांचा तुटवडा चालू होता म्हणून नेहमीचे मिंट सेट आणि प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचे) दोन्ही बंद ठेवले आणि त्याऐवजी स्पेशल मिंट सेट म्हणजे एसएमएस नावाचा प्रकार काढला, पाच नाण्यांचा. त्या तीन वर्षांच्या नाण्यांवर मिंट मार्क (नाणं कोणत्या टांकसाळीचं ते सांगणारं अक्षर) पण नव्हता. म्हणजे कोणी "१९६६ चा प्रूफ सेट" म्हणून दाखवत असेल तर तो एकतर चुकून एसएमएसला प्रूफ म्हणतोय, नाहीतर ते घरचं पॅकिंग आहे.

प्रूफ सेटचा हिशोब वेगळा. १९३६ ते ४२, मग १९५० ते ६४, मग १९६८ पासून आजपर्यंत. ६४ पर्यंतचे फिलाडेल्फियाचे, ६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोचे, आणि त्यावर एस हे अक्षर. त्यामुळे वार्षिक प्रूफ सेट म्हणून विकायला ठेवलेल्या १९८० च्या किंवा ९० च्या सेटमध्ये क्वार्टरवर (पंचवीस सेंटच्या नाण्यावर) डेन्व्हरचा डी दिसला तर पुढे काही तपासत बसायची गरजच नाही, ती नेहमीची चलनाची नाणी आहेत.

अजून एक मला फार आवडणारी गंमतीची गोष्ट, १९७५ हे वर्ष घातलेलं क्वार्टर, हाफ डॉलर किंवा डॉलर अस्तित्वातच नाही. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीमुळे या तिन्हीवर १७७६-१९७६ अशी दुहेरी तारीख घातली होती आणि ती नाणी १९७५ च्या सेटमध्ये पण तशीच आहेत. तर १९७५ च्या सरकारी सेटमध्ये दुहेरी तारखेची नाणी दिसली म्हणून "कोणीतरी बदललीत" असं समजू नका, ते बरोबर आहे. नवीन लोक इथे उलटी चूक करतात आणि चांगला सेट हातचा सोडून देतात.

मग नाणी मोजा आणि अक्षरं वाचा

वर्ष जुळलं की भिंग घ्या. साधं पाच-दहा पट मोठं दाखवणारं पुरतं. प्रत्येक नाण्यावरचं मिंट मार्क कागदावर लिहून काढा, पी, डी, एस, किंवा काहीच नाही. फिलाडेल्फियाच्या जुन्या नाण्यांवर (दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी, आणि १९७९ चे डॉलर सोडले तर) १९७९ पर्यंत पी हे अक्षर नसायचं, आणि सेंटवर त्यानंतरही नव्हतं (एक २०१७ सोडून), म्हणून अक्षर नाही म्हणजे चूक असं धरू नका.

कोणत्या वर्षी किती नाणी हे पक्कं ठरलेलं आहे. १९५९ ते ६४ मध्ये दहा, दोन टांकसाळींची पाच पाच. १९७३ मध्ये तेरा, आणि त्यातले आयझेनहॉवर डॉलर चलनात आलेच नव्हते, ते फक्त सेटमध्येच मिळायचे, त्यामुळे ७३ च्या सेटमध्ये डॉलर नसतील तर तो सेट अर्धवट आहे किंवा कोणीतरी सुटी नाणी जमवून केलेला आहे. १९७० च्या सेटमध्ये डेन्व्हरचा केनेडी हाफ डॉलर पाहिजेच, ४० टक्के चांदीचा, तो पण चलनासाठी काढला नव्हता. १९८७ चे हाफ डॉलर तसेच. १९८४ ते ९८ साधारण दहा नाणी, पण १९९६ मध्ये अकरा, कारण रूझवेल्ट डाइमला (दहा सेंटच्या नाण्याला) पन्नास वर्षं झाली म्हणून वेस्ट पॉइंटचा डब्ल्यू अक्षराचा एक डाइम फक्त त्या सेटमध्ये घातला होता. १९९९ ला स्टेट क्वार्टर (एकेका राज्याच्या चित्राचे) सुरू झाले आणि आकडा एकदम अठरावर गेला, २००५ ला बावीस, २००७ ला अठ्ठावीस.

खाजगी पॅकिंग करणाऱ्याला नेमकी ही "फक्त सेटमध्ये मिळणारी" नाणी मिळत नाहीत, कारण ती काढायला त्याला सरकारी सेटच फोडावा लागेल. म्हणून त्याच्या सेटमध्ये बघा, चलनात आलेली सगळी नाणी असतात आणि नेमकं ते एक नसतं. ९६ च्या सेटमध्ये डब्ल्यू डाइम नाही, ८७ च्या सेटमध्ये हाफ डॉलर नाही. मला विचाराल तर सबंध तपासणीत सगळ्यात भरवशाची खूण हीच, पाकिटाच्या रंगापेक्षा, सर्टिफिकेटपेक्षा, कशाहीपेक्षा.

उलटं पण होतं. टांकसाळीने कधी एकत्र विकलीच नाहीत अशी नाणी खाजगी सेटमध्ये एकत्र असतात. १९८२ चा सेंटच्या सात नाण्यांचा सेट याचं नेहमीचं उदाहरण. त्या वर्षी सेंट तांब्याचा होता तो मधेच तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा झाला (वजन ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आलं) आणि तारखेचे मोठे-छोटे आकडे असे दोन प्रकार होते, दोन टांकसाळी होत्या, असं करत सात व्हरायटी होतात. सेट छानच आहे, शिकायला तर फारच छान, पण तो डीलर लोकांनी बनवलाय, मिंटने नाही.

नाण्याची चमक कशी आहे

ही पायरी जरा सवयीची आहे, पहिल्या दिवशी जमणार नाही, पण २००५ ते २०१० च्या सेटसाठी तरी शिकूनच घ्या. त्या सहा वर्षांत यूएस मिंटने वार्षिक मिंट सेटमधल्या नाण्यांना सॅटिन फिनिश दिलं होतं, म्हणजे मऊ, एकसारखी, थोडी मॅट वाटणारी चमक, आणि चलनात गेलेल्या नाण्यांची चमक वेगळी, नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड फिरतो ती. एक साधं चलनातलं २००७ चं क्वार्टर आणि एक सेटमधलं शेजारी शेजारी ठेवून दिव्याखाली हळूहळू फिरवा, दोन-तीनदा केलं की डोळ्याला फरक कळायला लागतो आणि मग कायमचा कळतो. २००७ च्या "मिंट सेट" मध्ये सॅटिन नसेल तर नाणी रोलमधून काढून भरलेली आहेत, पाकीट कितीही सुंदर असो.

प्रूफचं सोपं आहे, चित्राभोवतीचा सपाट भाग आरशासारखा आणि अलीकडच्या प्रूफमध्ये चित्र बर्फासारखं पांढुरकं. पण "प्रूफ-लाइक", "ब्रिलियंट", "जेम अनसर्क्युलेटेड" हे शब्द कार्डवर दिसले तर ते विकणाऱ्याचे आहेत, नाणं बघूनच ठरवा.

चांदी म्हटलंय का? मग कड आणि वजन

द्विशताब्दीचा चांदीचा सेट हा खाजगीवाल्यांचा आवडता विषय. सरकारी सेट तीन नाण्यांचा, ४० टक्के चांदी, तिन्हीवर एस. पण १७७६-१९७६ तारखेची साधी नाणी प्रचंड संख्येने चलनात आली होती, ती तीन घेऊन मखमली डबीत घातली की "बायसेंटेनियल सेट" तयार. कड बघा, साध्या नाण्याच्या कडेला मधोमध तांब्याची तपकिरी रेघ दिसते. ४० टक्के चांदीच्या नाण्याला ती ठळक रेघ नसते, आणि ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी असते. क्वार्टरचं साधं वजन ५.६७ ग्रॅम, ४० टक्के चांदीचं ५.७५, ९० टक्के चांदीचं ६.२५, हाफ डॉलर त्याच क्रमाने ११.३४, ११.५ आणि १२.५. डबी बंद असेल तर वजन करता येत नाही, पण पारदर्शक प्लास्टिकची डबी तिरकी धरून भिंगाने कड बघता येते, तेवढ्यासाठी फोडू नका.

सोन्याचा मुलामा दिलेली, रंगवलेली स्टेट क्वार्टर पण याच गटात धरा. टांकसाळीने ती तशी कधीच काढली नाहीत, नाणं बाहेर आल्यावर दुसऱ्या कोणीतरी त्यावर काम केलंय, आणि ग्रेडिंग करणारे (नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे) त्याला खराब झालेलं नाणंच म्हणतात. मुलाम्यातलं सोनं इतकं पातळ असतं की त्याची किंमत धरायचीच नाही. भेट म्हणून कोणी दिलं तर आनंदाने ठेवा, विकत घेताना मात्र आतलं नाणं साधं पंचवीस सेंटचं आहे हे डोक्यात ठेवा.

आता पाकीट

बघा, पाकिटाकडे किती उशिरा आलो, आणि क्रम हाच ठेवा.

१९४७ ते ५८ चे सेट पुठ्ठ्याच्या पानात घातलेले असायचे, प्रत्येक प्रकारची दोन दोन नाणी, आणि पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे बहुतेक नाण्यांवर रंग चढलेला असतो, पिवळट, निळसर, कधी कधी इंद्रधनुष्यासारखा. त्या काळच्या पुठ्ठ्यात सगळी नाणी आज घडवल्यासारखी पांढरी दिसली तर नाणी नंतर घातलीत किंवा धुतलीत, विचारा विकणाऱ्याला. १९५९ पासून चपटी पारदर्शक पाकिटं आली, प्रत्येक नाण्याला वेगळा कप्पा, कप्प्यांच्या रेघा उष्णतेने सील केलेल्या, सरळ आणि एकसारख्या. पुढे बरीच वर्षं फिलाडेल्फियाला निळा आणि डेन्व्हरला लाल रंग ठेवला, आणि खाजगीवाल्यांनी उचलला तो नेमका हाच रंग. एसएमएसमध्ये १९६५ चा चपट्या पाकिटात, ६६ आणि ६७ चा कडक प्लास्टिकमध्ये. १९६८ पासून प्रूफ सेट कडक डबीत.

हात लावून बघा. खाजगी पाकिटं बऱ्याचदा जाड, मऊ, वाकणाऱ्या विनाइलची असतात, तोंडाला घडी किंवा स्टेपल, कप्पे सैल, नाणं आत फिरतं. वास आला, नवीन रेनकोटसारखा, तर ते पीव्हीसी आहे आणि तिथे सरकारी-खाजगी सोडून नाण्याचीच काळजी करा, कारण त्यातून निघणारा चिकट हिरवा थर काही वर्षांत नाणं खातो. अशी नाणी लगेच बाहेर काढा. हिरवट थर दिसलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवतात, घासायचं अजिबात नाही, खिडकी उघडी ठेवायची आणि जवळपास ज्योत नको. नखांचं रंग काढायचं लिक्विड चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, सरकारी पाकीट खरं असून सुद्धा आतली नाणी बदललेली असू शकतात. रिकाम्या सरकारी डब्या आणि लिफाफे सुटे विकले जातात. म्हणून सीलच्या रेघेवर कापल्याची खूण, एखादा कप्पा दुसऱ्यांदा चिकटवलेला, कडक डबीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातल्यासारखे चरे, हे बघायचंच. एकच नाणं बाकीच्यांपेक्षा वेगळं झळकतंय किंवा त्याच्यावर बोटाचा ठसा आहे असं असेल तर त्याच नाण्याची तारीख आणि अक्षर परत वाचा.

कागदावर काय लिहिलंय

सर्टिफिकेट पूर्ण वाचा, मागची बारीक अक्षरं आधी. "यूएस मिंटशी संबंध नाही" अशी ओळ असेल तर प्रश्नच मिटला, आणि ती ओळ बऱ्याचदा असते, फक्त कोणी वाचत नाही. नसेल तर वाक्य कोणाबद्दल आहे ते बघा. "यातली नाणी युनायटेड स्टेट्स मिंटने पाडलेली आहेत" हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं आणि सेट तरीही खाजगी असतो, कारण वाक्य नाण्यांबद्दल बोलतंय, सेट कोणी भरला त्याबद्दल गप्प आहे. "नॅशनल", "फेडरल", "हिस्टॉरिक", "सोसायटी", "कमेमोरेटिव्ह" या शब्दांनी काही सिद्ध होत नाही. सिरियल नंबर छापलेला आहे म्हणजे सरकारी असं पण नाही, नंबर कोणीही छापू शकतो.

"मिंट" या शब्दाचं तर फारच जपून. फ्रँकलिन मिंट ही १९६४ ला पेनसिल्व्हेनियात सुरू झालेली खाजगी कंपनी, सरकारी टांकसाळ नाही. पण इथे घाई करू नका, याच कंपनीने पनामासारख्या देशांसाठी त्यांच्या सरकारच्या परवानगीने अधिकृत प्रूफ सेट पाडलेत. म्हणजे कारखाना खाजगी असून सेट अधिकृत असू शकतो. प्रश्न यंत्र कोणाचं हा नाही, त्या देशाच्या सरकारने तो सेट स्वतःचा म्हणून काढला का, हा आहे.

खाजगी वाटतात पण नाहीत असे

इतकं सगळं वाचून प्रत्येक वेगळ्या पाकिटावर संशय घ्यायला लागाल म्हणून हे लिहितोय. १९८२ आणि ८३ मध्ये नेहमीचा सेट नव्हता तरी फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या टांकसाळीत आलेल्या लोकांना सुव्हेनियर सेट विकत होते, पाच नाणी आणि त्या टांकसाळीचं छोटं पदक, एका सेटमध्ये एकाच टांकसाळीची नाणी. ते अधिकृत आहेत. ब्रिटनच्या रॉयल मिंटचं असंच, ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड सेट १९८२ पासून आहेत, आणि १९८३ मध्ये काही कंपन्यांसाठी खास पॅकिंगचे सेट करून दिले होते, मार्टिनी हे त्यातलं एक नाव. वरून बघितलं तर दारूच्या कंपनीची जाहिरात वाटते, पण त्यातल्याच काही सेटमध्ये "टू पेन्स" ऐवजी चुकून "न्यू पेन्स" लिहिलेलं दोन पेन्सचं नाणं निघालं आणि ते आज शोधून घेतात. तसंच १९६८ पासून विकलेलं ब्रिटनच्या पहिल्या दशमान नाण्यांचं निळं पाकीट, त्यात ५ आणि १० पेन्स १९६८ चे आणि बाकी तीन १९७१ तारखेचे, तारखा जुळत नाहीत म्हणून लोक त्याला कोणीतरी केलेली जुळवाजुळव समजतात, ते रॉयल मिंटचंच आहे.

आपल्याकडे असा सेट निघाला तर

फेकू नका आणि (पीव्हीसीचं पाकीट नसेल तर) घाईने फोडू पण नका. आधी एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, "खाजगी पॅकिंग, नाणी अमुक, मिंट मार्क तमुक", म्हणजे तुमच्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला परत तीच शोधाशोध नको. किंमत सुट्या नाण्यांची धरायची, पाकिटाची शून्य. आणि १९८२-८३ च्या बाबतीत ही किंमत कमी असेलच असं नाही, त्या वर्षी सरकारी सेट नसल्यामुळे चांगल्या अवस्थेतली न वापरलेली क्वार्टर फारशी जपली गेली नाहीत, त्या काळात कोणी खाजगी पाकिटात बंद केली असतील तर त्यातलं एखादं खरंच छान निघतं. माझ्या त्या सेटमधलं १९८२ चं फिलाडेल्फियाचं क्वार्टर मी असंच काढून वेगळ्या सुरक्षित होल्डरमध्ये ठेवलंय, बाकीची नऊ अजून त्याच पाकिटात आहेत, वर चिठ्ठी लावून.

विकायची वेळ आली तर शीर्षकातच "खाजगी पॅकिंग" असं लिहा, आणि विकत घेताना विकणाऱ्याला सरळ विचारा, हा टांकसाळीने काढलेला सेट आहे का, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. जाणकार विकणारा लगेच पाठवतो. "नाणी ओरिजिनल आहेत हो" एवढंच उत्तर आलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाहीये, परत विचारा.